ताप नाही, तपती

पाय मुरगळला म्हणून दवाखान्यात गेले होते. एप्रिलअखेर, जळगाव, दुपारचे बारा. बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला आणि आत पंखा तीच गरम हवा घुसळत बसलेला. कंपाउंडरने मान खाली घालूनच विचारलं,

"नाव?"

"तपती."

"किती दिवसांपासून?"

"जन्मापासून."

आता त्याने मान वर केली. माझ्याकडे जरा काळजीने बघितलं आणि मी काही बोलायच्या आत तोंडात थर्मामीटर खुपसला. तोंडात थर्मामीटर असताना स्वतःच्या नावाची व्युत्पत्ती सांगता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. केसपेपरवर नावाची जागा मोकळी राहिली आणि तक्रारीच्या रकान्यात 'तपती' असं सुवाच्य अक्षरात उमटलं. पायाचं दुखणं डॉक्टरांनीच शोधून काढलं, तेही मी लंगडत आत गेले म्हणून.

हा सगळा प्रताप बाबांचा. माहेर भुसावळचं. बाबा शाळेत संस्कृत शिकवायचे. मी जन्मले आषाढ शुद्ध सप्तमीला, म्हणजे तापी जयंतीला. त्या दिवशी नदीला साडीचोळी वाहतात, आणि आमच्या बाबांनी नदीला मुलगीच वाहिली. बरं, 'तापी' ठेवायचं होतं तर तेच ठेवायचं! जुन्या पिढीत आमच्याकडे तापीबाई काही कमी नव्हत्या. पण बाबांचं म्हणणं, तापी हे घरातलं, लाडाचं. दाखल्यावर पूर्ण नाव हवं, तपती. धातू 'तप्', म्हणजे तापणे. तपती म्हणजे तापणारी किंवा तापवणारी.

अमळनेरकडची आजी बारशाला आली होती. कुर्रर्र झालं, आत्याने कानात नाव सांगितलं, मग मोठ्याने सांगितलं. आजीने पाळण्यात डोकावून थेट मलाच विचारलं म्हणे, "कसाले तपस व माय? आठे काय ऊन कमी शे?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

बाबांकडे मात्र उत्तरच उत्तर होतं. मी शाळेतून रडत आले ("तवा तपती, पोळी लाटती" असं पोरांनी गाणं केलं होतं) की ते महाभारत काढायचे. तपती ही सूर्याची मुलगी. संवरण राजा शिकारीला गेला असता त्याचा घोडा दमून मेला, हा पायी भटकत राहिला आणि डोंगरावर ती दिसली. बघताक्षणी राजा बेशुद्ध. (माझ्या मते ऊन लागलं असणार. कांदा फोडून हुंगायला द्यायला हवा होता.) मग वसिष्ठ स्वतः सूर्याकडे मागणी घेऊन गेले, लग्न झालं, आणि राजा बारा वर्षं तिच्याबरोबर डोंगरावरच राहिला. तिकडे राज्यात बारा वर्षं पावसाचा थेंब नाही. दोघांना परत आणलं तेव्हा कुठे पाऊस पडला. त्यांचा मुलगा कुरू. म्हणजे कौरव, पांडव सगळे हिचेच वंशज.

"बघ केवढं मोठं नाव!" बाबा म्हणायचे.

पुढची गोष्ट त्यांनी मला सांगितली नाही, ती मोठेपणी मी स्वतः वाचली. एक गंधर्व अर्जुनाला 'तापत्य' म्हणून हाक मारतो. तापत्य म्हणजे तपतीच्या कुळातला. तर अर्जुन काय म्हणतो? आम्ही कौंतेय, ही तपती कोण? हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. रक्ताच्या वारसाला पत्ता नाही, तिथे कंपाउंडरवर काय चिडायचं!

लग्नाच्या वेळी वेगळीच पंचाईत. पुराणांत ही सूर्य आणि छायेची मुलगी, म्हणजे शनीची सख्खी बहीण. हे बाबांनी पहिल्याच बैठकीत, पोह्यांची बशी हातात घेऊन, मोठ्या अभिमानाने सांगितलं. पाहुण्यांचे चमचे जागच्या जागी थांबले. पहिलं स्थळ असं गेलं. दुसरं टिकलं, पण सासूबाईंनी सुचवलं की ताटात तांदूळ पसरून नाव बदलायचंच आहे, तर शीतल ठेवू. पंचवीस वर्षं तापल्यावर एका ताटलीभर तांदळात गार व्हायचं? मी नाही म्हटलं. तो माझा त्या घरातला पहिला नकार. त्यानंतर सासूबाईंनी शेवभाजी तिखट झाली की "नावाचा गुण" असं म्हणायची सोय करून घेतली.

बाकी रोजचे हाल सांगण्यात अर्थ नाही. पत्रिकेवर तृप्ती, तपस्वी, तपस्या. बँकेत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं, आणि तिघी एकमेकींना ओळखायला तयार नाहीत. फोनवरून केक सांगितला, तर 'हॅपी बर्थडे टपरी' असा आला. पण कळस भुसावळ स्टेशनवर झाला. रिझर्वेशनचा फॉर्म भरून खिडकीत दिला. आतल्या बाबूने चष्मा सारखा केला.

"मॅडम, इथे प्रवाशाचं नाव लिहायचं. गाडीचं नाव वर."

"ते प्रवाशाचंच आहे."

"ताप्ती-गंगा सुरत-छपरा आहे. तुम्हाला जायचंय कुठे?"

"पुण्याला."

"मग ही गाडी चालणार नाही."

मागच्या रांगेतून एक काका कळवळून म्हणाले, "अहो, त्यांना नीट समजावून सांगा, शिकलेल्या दिसतात."

आमच्याकडे जुनी माणसं सांगतात की गंगेत स्नान केल्याने, नर्मदेच्या दर्शनाने आणि तापीच्या नुसत्या स्मरणाने पाप जातं. किती सोपं काम! ना तिकीट, ना ओले कपडे. नुसतं आठवायचं. आणि माझं नाव तर कुणाच्याच स्मरणात राहत नाही. पाच वर्षांपासूनच्या शेजारीण वहिनी मला 'अहो ते हे' म्हणतात. आमच्या कॉलनीतल्या पापांचं पुढे काय होणार, कोण जाणे.

एकदा कोलकात्याहून कसल्याशा विम्याचा फोन आला. मुलीने नाव विचारलं, मी सवयीने अक्षर-अक्षर सांगायला घेतलं, तर ती मध्येच म्हणाली, "तोपोती! हमारी मौसी का नाम है." बंगालमध्ये म्हणे हे अगदी मावशी-काकूंचं नाव. मला भरूनच आलं. मी तो विमा घेतला. हप्ते अजून चालू आहेत.

त्या दिवसापासून नावाचा शोध घ्यायचा नाद लागला. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातलं मुलताई, म्हणजे मूळतापी, हे नदीचं माहेर. तिथून ७२४ किलोमीटर वाहत ती सुरतेपुढे खंबातच्या आखाताला मिळते. थायलंडच्या राजाने १९१५ मध्ये एका गावाला आपल्या सुरतेवरून सुराट थानी नाव दिलं आणि तिथल्या नदीलाही तापी करून टाकलं. आणि पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर दर फेब्रुवारीत जो उत्सव होतो, त्याचं नाव चक्क तपती! त्यांच्या भाषेत तपती म्हणजे आठवडा. त्या उत्सवात अंग रंगवलेले, जेमतेम लंगोट नेसलेले तरुण केळीची दोन खोडं एकत्र बांधतात, त्यावर पाठ टेकून झोपतात आणि डोंगराच्या उतारावरून सुसाट खाली घसरतात.

तपती आणि केळीची खोडं! मी मोबाइल घेऊन रावेरच्या नानाकाकांकडे धावले. त्यांची केळीत हयात गेली. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला. एक पोरगा गडगडत खाली गेला तेव्हा "आरारारा" म्हणाले. मग गंभीर होऊन विचारलं, "तिथं खोडालाबी भाव मिळतो का?"

नावाबद्दल काही बोलले नाहीत.

मागच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. घरात युनिक नावाची लाट उसळली. नणंदेने मोबाइलमधून अर्थासकट तीस-चाळीस नावं काढली; त्यातली निम्मी मला औषधांची वाटली. बाबा तर वहीच घेऊन आले होते. मी वही उघडू दिली नाही. म्हटलं, दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, कथा नाही, नदी नाही. सई. सई म्हणजे सखी. संपलं.

आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. नियम चांगला, पण माझं नाव यानिमित्ताने पुढच्या पिढीत शिरणार होतं. दवाखान्यातून गेलेल्या कागदात अर्थातच 'तृप्ती' निघालं. दुरुस्तीला मी स्वतः गेले. तान्ही कडेवर, पिशवीत आधार, पॅन, दाखला, लग्नाची पत्रिका, असा सगळा पुरावा.

जन्मनोंदणीच्या टेबलावर साठीकडे झुकलेले एक गृहस्थ होते. मी लढाईच्या तयारीने उभी राहिले.

"आईचं नाव?"

"तपती. म्हणजे तृप्ती नाही, तप—"

"तापीचं नाव ना? आमची आजी तापीबाई." त्यांनी एका दमात, एकही काना-मात्रा न चुकवता लिहून टाकलं. मी बघतच राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पुरावा पिशवीतून बाहेर काढावा लागला नव्हता. त्यांना नमस्कार करावा की काय, असं वाटलं. पण ते पुढच्या रकान्यावर गेले होते.

"मुलीचं नाव?"

"सई."

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

"करा. इथं, खाली."