'सुईची हौस': 'स्पष्टवक्ता' यांना उत्तर

नमस्कार स्पष्टवक्ता,

फ्रोझन शोल्डरवरच्या (म्हणजे आखडलेल्या खांद्यावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "सुया टोचून घ्यायची हौस भागवण्यापेक्षा नेमाने व्यायाम केला असता, तर लेख लिहायची वेळ आली नसती. वर्षभराने सगळे खांदे सारखेच होतात." शिवाय मधुमेह, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) आणि खर्च यांवरूनही बोललात.

आधी चूक कबूल. स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर मधुमेहींची साखर काही दिवस चढते, हे मी लिहायला हवं होतं. ती ओळ आता घातली आहे. झालं समाधान?

आता 'हौस'. (लेख पुरुषाचा असता तर त्याला 'निर्णय' म्हटलं असतंत. असो.) मी शाळेत शिकवते. ऑक्टोबरात फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत खडू पोचेना. मग ब्लाउजचा मागचा हूक लावायला लेकीला हाका. रात्री कूस बदलली की कळ थेट कोपरापर्यंत. आणि व्यायाम? तीन महिने केला हो! भिंतीवर बोटं चालवली, टेबलाला टेकून हात लंबकासारखा झुलवला, लाटणं धरून हात बाहेर ढकलला. दहाव्या खेपेला डोळ्यांत पाणी यायचं. सांध्याचं आवरण सुजलेलं असताना अशी ओढाताण केली तर दुखणं भडकतं, हे फिजिओथेरपिस्टने सांगेपर्यंत मीही तुमच्याच 'सोसा' पंथातली होते.

मग सांध्यात ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन, म्हणजे स्टेरॉइडचं इंजेक्शन. दहा दिवसांत झोप लागायला लागली, आणि झोप झाली म्हणून व्यायाम जमला. इंजेक्शन विरुद्ध व्यायाम असं मी लिहिलंच कुठे? २००३ सालच्या, संशोधक कॅरेट यांच्या चाचणीत फ्रोझन शोल्डरचे ९३ रुग्ण होते. सहा आठवड्यांनी सर्वांत पुढे होता तो इंजेक्शन आणि फिजिओथेरपी दोन्ही मिळालेला गट. वर्षाने सगळे गट जवळपास सारखे, हेही त्यातच आहे. तुम्ही तेवढंच उचललंत. मधले महिने कुणी काढायचे?

सलाईन भरून आवरण ताणतात ते हायड्रोडायलटेशन मी घेतलं नाही, म्हणून त्यावर बेतानेच लिहिलं. त्यातही बहुधा स्टेरॉइड असतंच. गुण ताणण्याचा की औषधाचा, हे वेगळं काढणं अवघड.

पीआरपी आणि खर्चाचं पुन्हा कधीतरी. पुढची प्रतिक्रिया मात्र खऱ्या नावाने लिहा. फळ्याची वरची ओळ अजून दोन बोटं लांब आहे, हूक मात्र माझा मी लावते.