मनीची मिशी

मागच्या वर्षी मी शेजारच्या काकूंकडे जाऊन त्यांच्या मांजरीची मिशी मागितली. उपटून नको हो, सोफ्यावर गळून पडलेली पण चालेल म्हटलं. मी जिना उतरायच्या आत काकूंनी आईला फोन लावला, पोरगा करणीबिरणीच्या नादाला लागलाय का म्हणून.

आता काकूंना काय सांगणार. ई. कोलाय जंतूचं डीएचएफआर नावाचं एन्झाइम असतं, 159 अमिनो ॲसिडची माळ, तिच्या खाचेत ट्रायमेथोप्रिम हे औषध जाऊन बसलं की जंतूचं वाढीला लागणाऱ्या फोलेटचं दुकान बंद. पण माळेतला 28 नंबरचा ल्युसिन जाऊन तिथे आर्जिनिन आला की जंतू औषधाला फारसा जुमानत नाही. मला एवढंच बघायचं होतं की या बदललेल्या खाचेत औषध बसतं तरी कसं, आणि त्यासाठी लागतो त्या एन्झाइमचा, म्हणजे प्रोटीनचा, क्रिस्टल. आई म्हणे, खडीसाखरेसारखाच ना? नाही गं बाई.

24 खळग्यांची प्लेट, कडांना ग्रीस, काचेच्या चकतीवर एक मायक्रोलिटर प्रोटीन नि एक मायक्रोलिटर पेग (दारूचा नव्हे, पॉलिइथिलिन ग्लायकॉल, प्रोटीनला पाण्यातून बाहेर काढणारं रसायन), चकती उलटी करून थेंब लटकवायचा आणि बसायचं वाट बघत. रोज सकाळी मायक्रोस्कोपखाली नासलेल्या दुधासारखा गाळ. एकदा झकास टोकदार खडा दिसला, मी अख्ख्या लॅबला समोसे आणले, मग सिनियर ताईने सुई टेकवली तर कट्ट! मीठ. प्रोटीन असतं तर मऊ पिचलं असतं म्हणे. समोसे मात्र तोवर संपले होते.

शेवटी एका थेंबात पिठासारखे बारीक क्रिस्टल आले. ते चुरडून त्यात मिशी बुडवायची आणि नव्या थेंबातून ओढायची, म्हणजे विरजण लागतं. थट्टा नाही, जगभर करतात. मनीच्या मिशीने चार दिवसांत क्रिस्टल दिले!

मग ग्लिसरॉलमध्ये बुचकळून लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवले, इंदूरला इंडस-2 या भल्यामोठ्या यंत्राच्या बीमलाइनवर, म्हणजे जिथे त्याचे एक्स-रे येतात तिथे, नेले, 100 केल्विनला एक्स-रे मारले, सकाळी पोहे-जलेबी खाल्ली. परत आल्यावर रात्री अडीचला मॅप, म्हणजे एक्स-रेवरून काढलेला इलेक्ट्रॉनचा नकाशा, उघडला तर निळ्या जाळीत, बरोब्बर खाचेत, काहीतरी बसलेलं! हात थरथरला राव. झूम केलं. ट्रायमेथोप्रिमला अणूंची दोन गोल कडी असतात, इथे नुसतं तीन कार्बनचं शेपूट. ग्लिसरॉल. गोठताना बर्फ होऊ नये म्हणून मीच घातलेलं. ज्याच्यासाठी एसटीत रुमाल टाकला तो स्टँडवरच, आणि बॅग चढवायला आलेला माणूस खिडकीशी पाय पसरून बसलाय.

सर म्हणाले, ग्लिसरॉल नको, औषध वाढव, परत लाव.

संध्याकाळी काकूंची बेल वाजवली. आतून "मने, इकडे ये गं" असा आवाज आला, बेडरूमचं दार लागलं, कडी घातली, आणि मग काकूंनी मला दार उघडलं.