फरशीच्या भेगा बघा आधी
ग्रॅनाइटच्या डोंगराळ भागात बंद घरात रेडॉन साठतो असं एका लेखात वाचलं, ते पटलं. रेडॉन म्हणजे खडकातून निघून फरशीच्या भेगांतून घरात येणारा किरणोत्सर्गी वायू, त्यानं फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकते. आमच्या गडचिरोलीकडं पण खाली तोच जुना खडक, ग्रॅनाइट नि नाइस (पट्ट्यापट्ट्यांचा कठीण खडक). आधी कौलारू घरात वारा फिरे, आता स्लॅब आणि थंडीत खिडक्या गच्च बंद. मायच्या खोलीत भिंतीच्या कडेनं फरशीले बोट जाईल एवढी भेग होती, ती मी सिमेंटनं बुजवली पण तेवढ्यानं भागत नाही जी, डिटेक्टर तीन महिने ठेवून मोजाच, याले ना वास ना रंग. डब्ल्यूएचओ म्हणते शक्यतो हवेच्या घनमीटरले 100 बेकरेलच्या (किरणोत्सर्ग मोजायचं माप) वर नको. जास्त निघाला तर फरशीखालून पाइप काढून पंख्यानं हवा छपरावर सोडतात. बिडी ओढणाऱ्याले तर याचा धोका अजून जास्त, आमचा बाबा रोज ओढते.