‘घिबली म्हणजे डोळे झाकून मुलांना लावा’ म्हणणाऱ्यांसाठी

रविवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. इतक्या उशिरा ती फोन करत नाही. माझी भाची, वय वर्षं सात, झोपायला तयार नव्हती. दुपारी तिने ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा घिबली या जपानी स्टुडिओचा ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन सिनेमा, पूर्ण बघितला होता. ताई शेजारीच बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला वाटलं, कार्टूनच तर आहे, चित्रंही छान आहेत. सिनेमा संपल्यावर पोर रडली नाही, बोलली नाही. रात्री जेवताना मात्र तिने अर्धी पोळी बाजूला काढली आणि म्हणाली, ही सेत्सुकोला, म्हणजे सिनेमातल्या छोट्या मुलीला. झोपायच्या वेळी तिच्या उशीखाली कंपास सापडला, आणि त्यात पेन्सिलींच्या जागी लिमलेटच्या तीन गोळ्या.

“तूच सांगतोस ना सारखं, ॲनिमे बघा म्हणून,” ताई म्हणाली. सांगतो, गेली पंधरा वर्षं सांगतोय. पण हा सिनेमा मी तिला सांगितला नव्हता. तो सांगितला होता आमच्या फॅमिली ग्रुपवर आलेल्या एका फॉरवर्डने. ‘ॲनिमे बघायचे सात नियम’ असं त्याचं नाव. खाली कुणाचंही नाव नाही, वर ‘खऱ्या चाहत्यांनी पुढे पाठवा’ अशी ताकीद. त्यानंतर तोच मजकूर मला ऑफिसातल्या एकाकडून आला, मग शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवरही. म्हणून हे लिहितोय.

नियम थोडक्यात असे. एक, ज्याचं रेटिंग आठच्या खाली ते बघू नका. दोन, डब बघणारा चाहता नव्हे. तीन, सुरुवात ‘नारुतो’, ‘वन पीस’, ‘ब्लीच’ या मालिकांनीच करा. चार, फिलर, म्हणजे मूळ कथेत नसलेले भरीचे भाग, एकही बघू नका. पाच, घिबलीचं नाव दिसलं की डोळे झाकून लावा, दोन वर्षांच्या बाळापासून आजीपर्यंत सगळ्यांना चालतं. सहा, ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ जुना बघू नका, फक्त ‘ब्रदरहूड’. सात, २००० सालाच्या आधीचं काही बघण्यात वेळ घालवू नका.

पाचव्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या सहा नियमांनी फार तर कुणाची संध्याकाळ वाया जाईल. पाचव्याने एका लहान मुलीची झोप उडवली.

पाचव्या नियमाखाली पुरावा म्हणून एक ओळ आहे: ‘फायरफ्लाइज’ तर जपानमध्ये ‘टोटोरो’च्या जोडीने एकाच तिकिटात दाखवला होता, मग भीती कसली? ही ओळ खरी आहे. नाइलाजाने मान्य करतो. १६ एप्रिल १९८८ ला दिग्दर्शक मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ आणि दिग्दर्शक ताकाहातांचा ‘फायरफ्लाइज’ हे दोन्ही सिनेमे जोडीनेच प्रदर्शित झाले. पण का झाले, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने शोधलेलं नाही. एकट्या ‘टोटोरो’वर पैसे लावायला कुणी धजत नव्हतं. मग ‘फायरफ्लाइज’ची मूळ कथा छापणारी शिंचोशा ही प्रकाशन संस्था त्या सिनेमामागे उभी राहिली, आणि दोन्ही सिनेमे जोडीने मार्गी लागले. हा पैशांचा हिशोब होता. दोन्ही सिनेमे एकाच वयाच्या मुलांसाठी आहेत असं त्यातून कुठेही सिद्ध होत नाही. ‘टोटोरो’साठी म्हणून पोरांना घेऊन गेलेल्या आईबापांना त्याच तिकिटात काय बघावं लागलं असेल, याचा विचार करून बघा.

आता सिनेमाबद्दल. तो सुरू होतो कोबे शहरातल्या सान्नोमिया स्टेशनवर. तारीख २१ सप्टेंबर १९४५. खांबाला टेकून बसलेला एक मुलगा, अंगात बळ उरलेलं नाही, येणारेजाणारे नाक मुरडून पुढे जातायत. आणि त्याच मुलाचा आवाज सांगतो, या रात्री मी मेलो. हा स्पॉइलर नाही, सिनेमातलं पहिलंच वाक्य आहे. म्हणजे ज्याने हा सिनेमा दोन मिनिटं जरी बघितला असेल, त्याच्या हातून ‘दोन वर्षांच्या बाळापासून’ हे शब्द लिहिले जाणार नाहीत. हा नियम सिनेमा न बघता लिहिलाय, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पुढे आगीच्या बॉम्बमध्ये भाजलेली आई दिसते, पट्ट्यांत गुंडाळलेली, पट्ट्यांमधून रक्त आलेलं. चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको उरतात. त्यांच्याकडे साकुमा कंपनीच्या फळांच्या स्वादाच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा असतो. गोळ्या संपतात तेव्हा सेइता डब्यात पाणी घालतो, हलवतो आणि ते गोड पाणी बहिणीला पाजतो. भाचीच्या कंपासमधल्या तीन लिमलेट कुठून आल्या, ते आता कळलं असेल.

हे कुणी कल्पनेतून रचलेलं नाही. मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ साली लिहिलेली, नाओकी हा जपानी साहित्य पुरस्कार मिळालेली. ५ जून १९४५ च्या कोबेवरच्या हवाई हल्ल्यात नोसाकांचं घर गेलं. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. त्यांची धाकटी बहीण पुढे फुकुईमध्ये उपासमारीने गेली, दीड वर्षाचीही नव्हती. कथेतला सेइता बहिणीसाठी जेवढा झिजतो तेवढे आपण झिजलो नव्हतो, तिच्या वाटचं अन्न आपणच खाल्लं होतं, हे नोसाकांनी स्वतः कबूल केलंय. ही कथा म्हणजे त्यांनी त्या बहिणीची मागितलेली माफी आहे. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता नऊ वर्षांचे असताना, २९ जून १९४५ ला ओकायामावर झालेल्या हल्ल्यातून वाचले होते. त्या सिनेमातली आग आठवणीतून काढलेली आहे. अशा दोन माणसांनी केलेल्या गोष्टीवर ‘सगळ्यांना चालतं’ असा शेरा मारायचा?

आणि ताकाहातांना मुलांसाठी काम करता येत नव्हतं असंही नाही. ‘हायडी’ ही मालिका त्यांचीच, १९७४ सालची. मुलांसाठी काय आणि कुणासाठी काय, हा फरक त्यांना पुरता ठाऊक होता.

मला विचाराल तर ‘फायरफ्लाइज’ साधारण सेइताच्या वयाला बघावा, म्हणजे तेरा-चौदाला, आणि बघताना शेजारी मोठं माणूस असावं, ज्याने तो आधी बघितलाय. जरूर बघावा. माझ्या यादीत तो पहिल्या पाचांत आहे. मी स्वतः दोनदाच बघितला, तिसऱ्यांदा धीर झालेला नाही.

घिबलीचंच म्हणाल तर ‘प्रिन्सेस मोनोनोके’मध्ये सुरुवातीलाच बाणाने माणसाचे हात तुटतात, मुंडकं उडतं. तोही मियाझाकींचाच, १९९७ चा. घिबली हा स्टुडिओ आहे, वयोगट नव्हे. लहानांसाठी ‘टोटोरो’ लावा, ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ लावा, ‘पोन्यो’ लावा. या तिघांबद्दल मी कुणालाही शब्द देईन. मात्र कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारतो, बघणार कोण आहे? या सात नियमांत हा प्रश्न एकदाही येत नाही.

आता बाकीचे, भराभर.

रेटिंगचा नियम. रेटिंगच्या याद्यांचा वरचा भाग नीट बघा. तिथे ‘गिंतामा’चे पुढचे पुढचे सीझन दिसतात, ‘अटॅक ऑन टायटन’च्या तिसऱ्या सीझनचा दुसरा भाग दिसतो. कारण सरळ आहे. ज्यांना पहिला सीझन आवडला नाही ते तिथेच थांबले. तिसऱ्या सीझनला गुण द्यायला उरले ते फक्त आवडलेले लोक. त्यामुळे आकडा चढतो. नव्या माणसाने त्या आकड्यावरून निवडायला घेतलं तर त्याच्या हाती कुठल्यातरी मालिकेचा चौथा सीझन लागेल. शिवाय शांत, संथ, रोजच्या जगण्यावरच्या मालिकांना असे गुण कमीच पडतात. आठचा आकडा चाळणी म्हणून लावलात तर चांगलं बरंच काही हातचं जाईल.

डबचा नियम ऐकला की माझं डोकं सटकतं. माझ्या पिढीतल्या हजारो मराठी पोरांनी आयुष्यातलं पहिलं ॲनिमे बघितलं ते डबच. दूरदर्शनवर रविवारी लागणारं ‘जंगल बुक’ हे निप्पॉन ॲनिमेशनचं, १९८९ सालचं जपानी ॲनिमे. हिंदीत शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, शीर्षकगीत गुलजारांचं. ते बघताना आपण जपानी काही बघतोय हे आम्हाला ठाऊकही नव्हतं, आणि तरी मोगली आमचा होता. आता ज्याला वाचायला वेळ लागतो अशा पोराला, किंवा डोळे अधू झालेल्या आजोबांना तुम्ही सांगणार की सबटायटल वाचता येत नसतील तर तुम्ही चाहते नव्हे? दुसरं असं की जपानमध्येही बहुतेक ॲनिमेत चित्रं आधी तयार होतात आणि कलाकार पडद्याकडे बघत आवाज नंतर देतात.

पण यात अर्धं खरं आहे, तेही सांगतो. मूळ आवाजात काही गोष्टी असतात त्या डबमध्ये येत नाहीत. ‘फायरफ्लाइज’चंच घ्या. ती मुलं कान्साई बोलीत बोलतात, कोबेच्या घरातली बोली. सेत्सुकोचा आवाज खरोखरच्या लहान मुलीचा आहे. तो डब केला की काहीतरी हरवतंच. ज्याला सबटायटल वाचायची सवय आहे त्याने मूळ आवाजात बघावं, असं मीही सांगतो. पण हे सांगणं झालं, हुकूम नाही.

सहावा नियम माझ्या जिव्हाळ्याचा. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ २००३ सालचा, ५१ भागांचा. ‘ब्रदरहूड’ २००९ चा, ६४ भागांचा. हिरोमू अराकावा यांचा मांगा, म्हणजे मूळ जपानी कॉमिक, २००३ ला अजून अपुरा होता, म्हणून पहिल्या मालिकेने पुढे आपली वेगळी वाट काढली. दुसरी मांगाच्या शेवटापर्यंत जाते. शेवट ‘ब्रदरहूड’चाच सरस, तिथे वाद घालणार नाही. पण सुरुवात? ‘ब्रदरहूड’ला माहीत होतं की प्रेक्षकांनी आधीची मालिका बघितलीय, म्हणून ती सुरुवातीचे प्रसंग घाईने उरकते. ह्यूज या पात्राचा जो मोठा प्रसंग आहे तो ‘ब्रदरहूड’मध्ये दहाव्या भागात येतो, जुन्या मालिकेत पंचविसाव्या. मधल्या पंधरा भागांत ह्यूज तुमच्या घरचा माणूस होतो. मुलीचे फोटो दाखवून सगळ्यांना बेजार करणारा हा माणूस आपल्याही ओळखीतला असतो. नेमकं काय होतं ते सांगत नाही, ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी. पण जुन्या मालिकेत तो भाग संपल्यावर मी उठून गॅलरीत गेलो होतो. ‘ब्रदरहूड’मध्ये तसं झालं नाही. माझा सल्ला असा की वेळ असेल तर जुनी आधी बघा, मग नवी. वेळ नसेल तर नवी बघा. पण ‘जुनी बघूच नका’ म्हणणाऱ्याने बहुधा ती बघितलेलीच नाही.

फिलरबाबत फॉरवर्ड बरोबर आहे, निदान ‘नारुतो’पुरतं. पहिल्या मालिकेचे २२० भाग, त्यात १३५ नंतरचे जवळजवळ सगळे फिलर. ते सोडले तरी काही बिघडत नाही.

तीन आणि सात या दोन नियमांवर शब्द खर्चायची गरजच नाही, ते आपसातच भांडतात. तिसरा म्हणतो ‘वन पीस’ने सुरुवात करा, ‘वन पीस’ ऑक्टोबर १९९९ ला सुरू झालं आणि हजारावर भाग होऊनही चालूच आहे. सातवा म्हणतो २००० च्या आधीचं बघू नका. पाचवा ज्या ‘टोटोरो’ची आणि ‘फायरफ्लाइज’ची नावं घेतो ते दोन्ही १९८८ चे. ‘अकिरा’ही त्याच सालचा, ‘घोस्ट इन द शेल’ १९९५ चा, ‘काउबॉय बीबॉप’ १९९८ चं. हे सगळं वगळून ॲनिमेबद्दल बोलायचं तरी काय? आणि ज्याने आयुष्यात एकही मालिका बघितली नाही त्याच्यापुढे हजार भागांचा डोंगर ठेवणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं. ताईसारख्या कुणाला सुरुवात करायची असेल तर ‘फ्रीरेन’चा पहिला सीझन सांगा, २८ भागांचा. रोज रात्री एक बघितला तरी महिन्याभरात होतो.

फॅमिली ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. काकांनी तो फॉरवर्ड डिलीट केला. तोवर तो आणखी कुठे कुठे गेला असेल, देव जाणे.

काल रविवार होता. मी ताईकडे गेलो आणि भाचीला शेजारी घेऊन ‘टोटोरो’ लावला. त्यातली मेईही चारच वर्षांची, सेत्सुकोएवढी, तिची आईही दवाखान्यात. हे भाचीच्या माझ्याआधी लक्षात आलं. आईचा दवाखाना दिसला तेव्हाच ती माझ्या मांडीवर सरकली. पुढे मेई एकटीच मक्याचं कणीस घेऊन आईकडे निघते आणि हरवते, तिथे तिने रिमोट उचलून सिनेमा थांबवला आणि विचारलं, “मामा, ही सापडते का?”

मी कुणालाही पुढचं सांगत नाही. तिला सांगितलं. सापडते, आईसुद्धा बरी होते. मग तिने पुन्हा सुरू केला.