‘डॉक्टरपुढे लाज कसली?’ या सल्ल्याला उत्तर

‘डॉक्टरपुढे लाज कसली? त्यांनी हजारो शरीरं पाहिलेली असतात. तपासणारा पुरुष आहे की स्त्री याने काही बिघडत नाही. बाईच हवी, पुरुषच हवा असा हट्ट धरणारे स्वतःचेच उपचार लांबवतात. आणि भूल दिल्यावर तर कोण होतं ते कळतही नाही.’ अशा आशयाचा मजकूर सतत फिरत असतो. अवघड जागेचं दुखणं कुणी लपवू नये, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. परिणाम मात्र उलटा होतो. ज्याला संकोच वाटतो त्याला ‘चूक तुझीच’ असं ऐकावं लागतं, आणि मग तो दवाखान्याची पायरीच चढत नाही.

‘त्यांनी हजारो शरीरं पाहिलेली असतात.’

सवय डॉक्टरला झालेली असते, रुग्णाला नाही. शिवाय संकोच फक्त मनात राहत नाही, तो स्नायूंत उतरतो. योनिमार्गाच्या तपासणीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले गेले की स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा ठेवायचं उपकरण) जास्त दुखतं आणि गर्भाशयाचं मुख नीट दिसत नाही. पुरुषाला लघवीची नळी घालतानाही हेच होतं. रुग्ण आक्रसला की मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू घट्ट मिटतो आणि नळी तिथे अडते. तेव्हा जोर लावला तर मूत्रमार्गाला इजा होते, कधी नळी त्याच्या भिंतीत घुसून चुकीची वाटही पडते. म्हणून बधिर करणारं जेल घालून काही मिनिटं थांबायचं, नळी अडली तर ढकलायची नाही, रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगायचं. ज्याच्यासमोर रुग्ण सैल पडू शकतो अशा व्यक्तीने हे काम करणं हा त्याच तंत्राचा भाग आहे.

‘तपासायचं तर उघडं करावंच लागतं.’

किती आणि किती वेळ, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर दर तपासणीला वेगळं असतं.

ईसीजीचंच पाहा. छातीवर सहा इलेक्ट्रोड लागतात. पहिले दोन उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) दोन्ही बाजूंना, चौथ्या बरगडीच्या खालच्या फटीत. बाकीचे डावीकडे वळत काखेखालपर्यंत. हातापायांचे इलेक्ट्रोड मनगट आणि घोट्याजवळ चालतात, म्हणजे कमरेखालचे कपडे काढायचं कारणच नाही. ब्रा बहुतेक वेळा काढावी लागते, पण समोरून उघडणारा गाऊन असला की एकेक बाजू सरकवून इलेक्ट्रोड लावता येतात. ते लागले की वरून चादर पांघरायची. प्रत्यक्ष नोंद जेमतेम १० सेकंदांची. मात्र संकोचापायी इलेक्ट्रोड वर सरकवणं ही घोडचूक आहे. पहिले दोन जागेपेक्षा वर लागले तर नसलेला हृदयविकार आलेखात दिसू शकतो. झाकणं हे कौशल्य आहे आणि ते नेमकेपणाच्या आड येत नाही.

वृषणाच्या सोनोग्राफीत लिंग पोटाकडे वर घेऊन टॉवेलने झाकतात, हे रुग्ण स्वतःही करू शकतो. दुसरा टॉवेल वृषणाखाली आधाराला असतो. मग दिसतो तो फक्त तपासायचा भाग. योनीमार्गे होणाऱ्या सोनोग्राफीत प्रोब (तपासणीची दांडी) आत घालण्याचं काम रुग्णाने स्वतः केलं तरी चालतं, फक्त ‘मी घालू का?’ एवढं विचारावं लागतं. कोलोनोस्कोपीसाठी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं पाहण्यासाठी) मागे उघडणारी एकदाच वापरायची चड्डी मिळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाळणीसाठी, म्हणजे त्रास नसतानाच करायच्या तपासणीसाठी, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) डीएनए चाचणीला प्राधान्य द्यायला सांगितलं. तिचा नमुना स्त्री स्वतः घेऊ शकते. चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी करावीच लागते, पण चाळणीचा पहिला टप्पा कुणाहीपुढे उघडं न होता पार पडतो.

‘तिसरी व्यक्ती खोलीत असली की झालं.’

अर्धंच खरं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सुचवलं की स्तन, जननेंद्रियं आणि गुदद्वार यांच्या तपासणीत प्रशिक्षित सोबती असावा, मग तपासणारी स्त्री असो वा पुरुष. ते योग्यच आहे. पण सोबती म्हणजे पडद्याबाहेर फोनवर बोलणारी व्यक्ती नव्हे. तपासणी कशी होते हे तिला ठाऊक हवं, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवी आणि काय चाललंय ते तिला दिसायला हवं. नातेवाईक आधाराला थांबू शकतात, पण ते तटस्थ साक्षीदार नसतात. आणि संकोचणाऱ्या पुरुषासमोर स्त्री डॉक्टरबरोबर आणखी एक स्त्री उभी केली तर त्याची अडचण दुप्पट होते. म्हणून सोबती हवा का, आणि कोण हवा, हे रुग्णालाच विचारायचं.

‘पुरुषांना कसली लाज?’

या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. वृषणाला पीळ पडला तर दुखणं सुरू झाल्यापासून साधारण ६ तासांत शस्त्रक्रिया झाल्यास तो वाचण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने घटते. हे बहुतेकदा किशोरवयीन मुलांत होतं, आणि मुलगा लाजेने ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतो. डॉक्टरने पोट तपासून चड्डी तशीच ठेवली तर ते तास हातचे जातात. त्याला खोलीतून इतरांना बाहेर पाठवून, पुरुष डॉक्टर चालेल की स्त्री हे विचारून, खाली दुखतंय का असं थेट विचारायला हवं.

मोठ्या पुरुषांची अडचण वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ९० टक्के परिचारिका स्त्रिया आहेत. त्यामुळे नळी घालणं, केस कापायच्या यंत्राने जांघेतले केस काढणं, अंग पुसणं यासाठी पुरुष मिळणं खरोखर कठीण असतं. अडचण आहे म्हणून मागणी गैर ठरत नाही, फक्त ती आधी कळवावी लागते.

‘भूल दिल्यावर काय कळतंय?’

उलट तिथेच जास्त काळजी हवी, कारण रुग्ण ‘थांबा’ म्हणू शकत नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, मदतनीस, परिचारिका, तंत्रज्ञ अशी पाचसात माणसं सहज असतात. नळी घालणं, केस काढणं, अंग जंतुनाशकाने पुसणं, हे बरंचसं भूल चढल्यावर होतं. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी बेशुद्ध रुग्णाची योनी वा गुदद्वार तपासायचं तर वेगळी संमती लागते. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने एप्रिल २०२४ मध्ये रुग्णालयांना हे स्पष्ट बजावलं. न विचारता केलेली तपासणी पुढे कळली की रुग्णाचा विश्वास कायमचा उडतो.

‘हट्टाने उपचार लांबतात.’

रक्तस्राव थांबत नसताना, श्वास अडकला असताना जो हजर असेल त्यानेच हात लावायचा, यात वाद नाही. पण आणीबाणीचं हे कारण ठरवून केलेल्या तपासणीला लावणं चुकीचं आहे. आणि डॉक्टरचा धर्म किंवा वर्ण पाहून नकार देणं याची अवघड जागेच्या पसंतीशी गाठ घालू नये. पसंतीचं कारण सांगायचं बंधनही रुग्णावर नाही. अनेकांच्या पसंतीमागे पूर्वी सोसलेला लैंगिक अत्याचार असतो.

लांबतं ते ऐनवेळी, टेबलावर झोपल्यावर सांगितल्यामुळे. वेळ घेतानाच विचारायचं: कोण तपासणार, काय उघडं करावं लागेल, खोलीत कोण असेल, नळी लागणार का आणि कधी, चड्डी ठेवता येईल का. डोळ्याच्या किंवा हाताच्या शस्त्रक्रियेत ती अनेकदा ठेवता येते. विद्यार्थी नकोत, नळी अमुक लिंगाच्या व्यक्तीने घालावी, हे संमतीपत्रावर हाताने लिहून सही करायची आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल देण्याआधी भूलतज्ज्ञाला दाखवायचं. त्या दिवशी तशी व्यक्ती नसेल तर थांबायचं, दुसरीकडे जायचं, की जास्त आडोसा आणि कमी माणसं या अटीवर पुढे जायचं, हे रुग्णाने ठरवायचं. डॉक्टरने थांबण्यातला धोका स्पष्ट सांगायचा.