बीबीसी लागंना

पावती अजून शर्टाच्या खिशात आहे. तीवर बॉलपेनने लिहिलंय, ‘जुना रेडिओ (बटनाचा) दुरुस्ती, रु. 150’. मी नेला होता तो रेडिओ नव्हता. बीबीसी मायक्रो होता. कॉम्प्युटर. हे मी त्या दुकानात पाच वेळा सांगितलं, त्यातले दोन वेळा ओरडून.

हा माझ्याकडे कसा आला ते पटकन सांगतो. 1984 साली केंद्र सरकारने शाळांमधून कॉम्प्युटर शिकवायला ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला आणि देशभरातल्या सुमारे 250 शाळांत हे बीबीसी मायक्रो पाठवले. माझा त्यातलाच असावा, कारण त्याच्या पोटावर पांढऱ्या रंगाने डेडस्टॉकचा, म्हणजे सामानाच्या नोंदवहीतला, नंबर घातलाय. भंगारवाल्याने 900 रुपये घेतले आणि वर जाताना माझ्याकडे कणवेने बघितलं. मेमरी 32 केबी. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी येणारं गुलाबाचं फूल याहून मोठं असतं, हे बायकोने लगेच दाखवून दिलं.

घरी लावला तर चालू झाला की! ‘बूऽप-बीप’ असा आवाज झाला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, मी वीस मिनिटं लहान झालो. एकविसाव्या मिनिटाला आतून ‘फट्’ झालं आणि कीबोर्डच्या फटींतून पांढरा दाट धूर यायला लागला. वास असा, की कुणीतरी हिंग आणि रबर एकत्र फोडणीला टाकलंय. वरच्या मजल्यावरचे काका विजेची आग विझवायला पाण्याची बादली घेऊन उतरले. गंमत म्हणजे मशीन एवढ्यातही चालूच होतं. धुरामागे कर्सर शांतपणे लुकलुकत होता.

हा या मशीनचा नेहमीचा म्हातारपणाचा रोग. पॉवर सप्लायमध्ये वीज शिरते तिथेच एक पिवळसर, पारदर्शक कवचाचा कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, असतो. चाळीस वर्षांत कवचाला बारीक भेगा पडतात, गाळपेराच्या जमिनीला पडतात तशा, आणि त्यांतून आतल्या कागदात दमट हवा शिरते. मग एक दिवस फट्. दोन कॅपॅसिटर बदलायचे, 0.1 आणि 0.01 मायक्रोफॅरडचे, एक्स-टू दर्जाचे, म्हणजे थेट 230 व्होल्टवर बसण्यासाठीच बनवलेले. जोडी मिळून चाळीस रुपयांच्या आत. कुरिअरचे नव्वद. सोल्डरिंग मला येतं, पण धुरानंतर घरात ठराव झाला, की 230 व्होल्टला मी हात लावायचा नाही. ठराव एकमताने झाला, मत माझं नव्हतं.

म्हणून एप्रिलच्या भर दुपारी मशीन चादरीत गुंडाळून मी गांधी पार्कजवळच्या एका गल्लीतल्या दुकानात गेलो. परभणीत हे दिवस कूलरचे. दुकानात पंप, मोटारी, मिक्सर, वाळ्याच्या जाळ्या यांचा ढीग, आणि ढिगासमोरच्या एकुलत्या एका बाकावर मांडीत पोत्यात गुंडाळलेला पंपाचा स्टार्टर घेऊन बसलेले एक आजोबा. जिंतूरकडचे. त्यांनी सरकून मला जागा दिली आणि इथून माझं वाटोळं सुरू झालं.

“हे काय आणलाव?”

“बीबीसी,” मी म्हणालो. चूक माझीच. सवयीने तोंडातून गेलं.

आजोबांचा चेहरा असा उजळला, की आता काय सांगू. “बीबीसी! आमच्या वाड्यावर सारं गाव जमायचं ऐकायला. इंदिराबाई गेल्या तवा आकाशवाणी सांगंना, बीबीसीनं सांगितलं. लावा की.”

“आजोबा, हा रेडिओ नाही. कॉम्प्युटर आहे.”

“मग बीबीसी कामून म्हणायलाव?”

प्रश्न रास्त होता. मी समजावून सांगितलं, की 1980 च्या सुमारास बीबीसीने टीव्हीवरून लोकांना कॉम्प्युटर शिकवायचं ठरवलं, त्यासाठी एकॉर्न नावाच्या कंपनीकडून मशीन बनवून घेतलं, 1981 च्या डिसेंबरात ते बाजारात आलं, म्हणून नाव बीबीसी, आणि पुढे आपल्याकडच्या शाळांतही आलं. आजोबांनी सगळं मान हलवत ऐकलं.

“म्हंजे बीबीसीचंच हाय.”

“हो, पण...”

“मग बातम्या लागतेत.”

दुकानदाराने तोवर झाकण काढून, मला न विचारता, प्लग लावून काढला होता. “थांबा, आत मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी...” एवढं मी म्हणतोय तोवर त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन टोकांवर टेकवलं. टाक! निळी ठिणगी. “आता नाही,” तो म्हणाला, आणि काळवंडलेला कॅपॅसिटर कापून माझ्या तळहातावर ठेवला. मधोमध फुटला होता, आतली गुंडाळी तेलकट तपकिरी, जळालेल्या करंजीसारखी. मग त्याने खोक्यात हात घालून पंख्याचा कॅपॅसिटर काढला. अडीच मायक्रोफॅरडचा, पांढरा, आगपेटीहून मोठा.

“हा नको!” माझा आवाज फाटला. “हा पंचवीस पट आहे! मी आणलेत बरोबरचे.”

“नाही लावला तरी चालतंय सर. तो कशाला असतो म्हाईत हाय का?”

मला माहीत होतं, आणि तेच सांगून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. “मशीनच्या आतला खरखराट विजेच्या लाइनमध्ये जाऊ नये म्हणून. नाहीतर शेजाऱ्यांचा रेडिओ खरखरतो.”

बाकावर शांतता पसरली. आजोबांनी स्टार्टर खाली ठेवला.

“म्हंजे तवा जी खरखर व्हायची, ऐन बातम्याच्या टायमाला, ती ह्याच्यामुळं?”

“नाही हो आजोबा, तुमच्या गावात कुठे असणार तेव्हा हे?”

“शाळंत आलते म्हणालाव ना आत्ता.”

“ती शहरातली शाळा!”

“लाइन एकच असती,” आजोबा म्हणाले. मग दुकानदाराकडे वळून, “बसवा बरं ह्येन्ला लवकर. आमी एवढे बातम्या ऐकायचो अन् ह्ये असलं करायचे.”

ह्ये म्हणजे मी. 1984 साली मी तिसरीत होतो.

एक सांगतो, रागावून सांगतो. त्यांच्या स्टार्टरला दुकानात केवढा मान! दुकानदार त्याच्याशी डॉक्टरसारखा बोलत होता. डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, कधी जळाली, किती दिवसांनी बसवली, व्होल्टेज किती येतंय. आजोबांनी सांगितलं, अर्ज देऊन महिना झाला, गावाने वर्गणी काढली, दुसरी आली ती चार दिवसांत गेली, ऊस उभ्याने वाळला. यावर मी काय बोलणार? माझ्या गल्लीत संध्याकाळी 170 आणि पहाटे 260 व्होल्ट येतात, मीटर लावून वहीत लिहिलंय मी, तीन वेळा दिलंय कळवून, एकदा पोच मिळाली. पण वाळलेल्या उसासमोर कर्सरचं दुःख कोण काढणार? गप्प बसलो. हेही मला टोचलंच. आपलं दुःख कुणाहून तरी लहान निघालं, की त्याचा धड रागही करता येत नाही.

दुकानदाराने शेवटी, माझ्यावर उपकार केल्यासारखे, माझेच दोन्ही कॅपॅसिटर बसवले. सफाईने बसवले, खोटं कशाला बोलू. लाल, काळ्या आणि जांभळ्या वायरींना मी घरून कागदाच्या चिठ्ठ्या बांधून आणल्या होत्या, त्या त्याने न वाचताच फाडून टाकल्या आणि तरी सगळ्या बरोबर जोडल्या. प्लग लावला.

बूऽप-बीप.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते सोल्डरिंगच्या रोझिनच्या धुराने. आजोबा पुढे वाकून कान लावून बसले. पाच सेकंद. दहा. दुकानातला गिऱ्हाईक-पोऱ्या सगळा थांबला.

“ठेसन लागंना,” आजोबा म्हणाले.

मग पावती. ‘रेडिओ’ वाचून मी म्हणालो, “हे दुरुस्त करून द्या, हा रेडिओ नाही.” दुकानदाराने आजोबांकडे बघितलं, आजोबांनी खांदे उडवले. त्याने पावती परत घेतली, ‘रेडिओ’वर एक रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘टीव्ही’.

घरी येऊन बघतो तर खाली छापलंय, खाडाखोड केलेल्या पावतीवर गॅरंटी मिळणार नाही.