काटकसरी माय आणि ‘मायझरली’ हा शब्द

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात संध्याकाळी अभ्यासिका चालते आणि तेथे मी मुलांना इंग्रजी शिकवतो. मागच्या आठवड्यात बारावीच्या एका विद्यार्थिनीने आपल्या आईवर इंग्रजीत परिच्छेद लिहून आणला. तीन एकर कोरडवाहू वावर एकटीने कसणारी, खताच्या रिकाम्या चुंगड्या, म्हणजे पोती, उसवून, धुऊन त्यांचे तळवट, म्हणजे खाली अंथरायचे मोठे कापड, शिवणारी ही बाई मी स्वतः पाहिलेली आहे. मुलीने तिच्यासाठी विशेषण निवडले होते ‘मायझरली’. त्या शब्दाचा अर्थ मी सांगितला, तेव्हा ती थोडा वेळ वहीकडेच पाहत राहिली आणि मग म्हणाली, “सर, माही माय चिकट नाही हो. वावरात आलेल्या कोणाले तिनं उपाशी नाही जाऊ देल्लं.”

चूक तिची नव्हती. तिच्याजवळ शहरातून आणलेली शब्दसंग्रहाची झेरॉक्स होती आणि तीत ‘काटकसरी’ या शब्दापुढे फ्रूगल, थ्रिफ्टी, पार्सिमोनिअस, स्टिंजी, मायझरली असे पाच शब्द एकाच ओळीत, जणू सख्खी भावंडे असावीत तसे छापलेले होते. वास्तविक थ्रिफ्टी म्हणजे पैसा जपून वापरणारा आणि फ्रूगल म्हणजे मोजक्यात भागवणारा. या दोन शब्दांना दोषाचा वास नाही, बहुधा कौतुकच असते. स्टिंजी म्हणजे चिकट, पार्सिमोनिअस हा त्याचाच पुस्तकी अवतार, आणि मायझरली म्हटले की गाठीशी पैसा असून स्वतःच्याही तोंडी घास न घालणारा कद्रू माणूस डोळ्यांपुढे येतो. मराठीत आपल्याकडून काटकसरी आणि कद्रू यांची गल्लत कधी होत नाही, कारण हे दोन्ही शब्द आपण माणसांकडे बोट दाखवून शिकलेलो असतो. इंग्रजी शब्द मात्र आपल्या मुलांपर्यंत माणसांवाचून पोहोचतात. माझी तक्रार आहे ती एवढीच, पण ती मनापासून आहे.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९३६ साली वेबस्टरच्या मोठ्या शब्दकोशातून माणसाचे वागणे आणि व्यक्तिमत्त्व सांगणारे शब्द वेचून काढले, तेव्हा ते १७,९५३ भरले. त्यांनी त्यांचे चार गट केले. टिकाऊ स्वभाव सांगणारे शब्द ४,५०४ होते, तर सर्वांत मोठा गट ५,२२६ शब्दांचा होता आणि त्यातले शब्द माणसाचे वर्णन करण्यापेक्षा त्याच्याविषयीचा निवाडा देणारे होते. म्हणजे असा शब्द वापरणारा माणूस नकळत न्यायाधीशाच्या जागी बसतो. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण इंग्रजी विशेषणांना तंतोतंत लागू पडते. आपला मुलगा रेझोल्यूट असतो, म्हणजे निग्रही, आणि शेजाऱ्याचा ऑब्स्टिनेट, म्हणजे हेकट. पोरगा कदाचित दोन्ही घरी सारखाच असेल.

असा निवाडा माझ्या हातूनही चुकीचा लिहिला गेला आहे आणि त्याची रुखरुख अजून जात नाही. गावातल्या एका गुणी मुलाच्या शिफारसपत्रात मी ‘सिंपल अँड ओबीडियंट’ असे लिहिले. माझ्या मनात होते साधा आणि कामाला प्रामाणिक. पुढे कळले की माणसाला ‘सिंपल’ म्हटले तर इंग्रजीत त्याचा अर्थ मंदबुद्धी किंवा सहज फसणारा असाही होऊ शकतो, आणि ‘ओबीडियंट’ हा शब्द लहान मुलांना शोभतो, जबाबदार तरुणाला नाही. मला हवे होते ते शब्द ‘अनअझ्युमिंग’ आणि ‘कॉन्शिएन्शस’ हे होते. पहिल्यात मोठेपणा न मिरवणे आहे, दुसऱ्यात कोणी पाहत नसतानाही काम नीट करणे आहे.

तेव्हापासून मी मुलांना एकच वही करायला सांगतो, आणि तिची पाने अक्षरांच्या क्रमाने लावायची नसतात, माणसांच्या नावांनी लावायची असतात. आधी त्या माणसासाठी घरात वापरतात तो शब्द लिहायचा, वऱ्हाडी असला तरी तोच. मग इंग्रजी शब्द, आणि त्याखाली तो शब्द सिद्ध करणारा, स्वतः पाहिलेला एक प्रसंग. प्रसंग सुचला नाही तर शब्द खोडायचा. शब्दात पसंती आहे की नापसंती, हे ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोशात बघून घ्यायचे. ते कोश फोनवर फुकट उघडतात आणि अशा पुष्कळ शब्दांपुढे तशी खूण दिलेली असते. आठवड्याला तीन शब्द पुरे होतात.

या वहीमुळे बारकावे आपोआप वेगळे होऊ लागतात. कमी बोलणारी माणसे प्रत्येक गावात असतात, पण मुळातच घुमा असलेला तो टॅसिटर्न, मनातले सहसा बाहेर न काढणारा तो रेटिसंट, आणि चार शब्दांत काम भागवणारा तो लॅकॉनिक. हा तिसरा शब्द ग्रीसमधील लॅकोनिया या प्रदेशावरून आला. स्पार्टा तिथलेच आणि तिथली माणसे तुटक बोलण्यासाठी प्रसिद्ध होती. मुलांना सर्वांत आवडलेला शब्द मात्र मॅग्नॅनिमस. लॅटिनमध्ये मॅग्नस म्हणजे मोठा आणि अॅनिमस म्हणजे मन, तेव्हा हा सरळसरळ आपला ‘मोठ्या मनाचा’ झाला.

गाडगेबाबांचे पान एका मुलाने केले. स्वतः चिंध्या पांघरून फिरणाऱ्या आणि लोकांसाठी पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा उभारणाऱ्या या माणसाला फ्रूगल म्हणावे की म्युनिफिसंट, म्हणजे मुक्तहस्ते देणारा, यावर आमच्याकडे तासभर वाद झाला आणि शेवटी दोन्ही शब्द राहिले. तो वाद ऐकूनच त्या मुलीने आपला परिच्छेद पुन्हा लिहिला. त्यात आता ‘फ्रूगल विथ हरसेल्फ, जनरस विथ एव्हरीवन एल्स’ असे आहे आणि त्याखाली चुंगड्यांच्या तळवटाची आणि वेचणीच्या बायांना दिलेल्या चहाची हकीकत आहे.

तिचे पुढचे पान आजीचे आहे. घरातला शब्द आहे ‘खमकी’. फॉर्मिडेबल लिहिले तर धाक येतो पण माया जाते, आणि फाइस्टी हा शब्द तिला आजीसाठी हलका वाटतो. इंग्रजीची जागा तिने तूर्त कोरी ठेवली आहे. कोणाला नेमका शब्द सुचला तर खाली अवश्य लिहावा, सोबत एखादा प्रसंगही.